ओल्या वाळवणाला नाव

चीक शिजला होता आणि एक बाईही आली नव्हती.

खाली अंगणात चुलीवर मोठं पातेलं होतं, आत दोन पायल्या गव्हाचा चीक. वर घराच्या सपाट मातीच्या धाब्यावर चार जुनी लुगडी धुऊन अंथरलेली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडांवर दगड. सोऱ्या तेल लावून ठेवलेला. मी पातेल्यात दांडकं फिरवत होते आणि दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होते. दारात आमची शेळी उभी होती. तेवढीच.

ज्यांनी कुरडया फक्त ताटात पाहिल्या आहेत त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचा, पिळून त्याचं दूध काढायचं, ते रात्रभर बसू द्यायचं. सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खाली बसलेला पांढरा चीक मिठाच्या आधणात शिजवायचा. शिजला की गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबायचा. गार झाला की त्याचा गोळा होतो, मग तो दाबायला पैलवान आणला तरी उपयोग नाही. दोन पायल्यांचा चीक एकट्या बाईने संपत नाही, तिघींनीही संपत नाही. दहा-बारा जणी लागतात. म्हणून तर गल्लीत वाळवण पाळीने करायची पद्धत होती. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, सगळ्यांनी जायचं.

आज आमची पाळी होती.

नणंद आदल्या संध्याकाळी अकरा जणींना सांगून आली होती. अकराही जणी "येतो की" म्हणाल्या होत्या. कुरडयांच्या आमंत्रणाला तोंडावर नाही म्हणायची रीत नव्हती. न येण्याची मात्र निघाली, त्या दिवशी.

आणि त्या आपापल्या घरात दडून बसल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. नाही. शेजारच्या मोठ्या धाब्यावर सगळ्या जमून चिंचा फोडत बसल्या होत्या. आमच्याकडे पाठ करून. आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली, धाब्याला धाबं लागून. तिथली शिंक इथे ऐकू यायची.

नणंद वर उभी राहून त्या अकरा पाठी बघत होती. ती खाली आली आणि चुलीपाशी बसून रडायला लागली.

"वहिनी, माझं लगीन कोण लावणार गं?"

तिचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. दिलेलं घर कोल्हारचं, माणसं चांगली होती, पण मुलाची आई बारकाईने बघणारी. रुखवतात कुरडया हव्या होत्या, पापड हवे होते. आणि ते एक वेळ विकत आणता आले असते म्हणा. पण हळद दळताना गाणी म्हणायला बायका विकत मिळत नव्हत्या. वरातीला ओवाळायला मिळत नव्हत्या. ज्या घरच्या कुरडयांना गल्ली येत नाही, त्या घरच्या लग्नाला ती येईल कशावरून? आणि लग्नात गल्ली नाही दिसली की कोल्हारवाले विचारणार, का बरं? मग कुणीतरी सांगणार की नवरीच्या वहिनीची जीभ काळी आहे.

तेवढ्यासाठी ती रडत होती, आणि तिचं रडणं बरोबर होतं. कारण वहिनी मी होते.

*

झालं होतं असं.

मी काष्टीकडची. चौथीपर्यंत शाळा, मग खुरपं, मग लग्न. राहुरीच्या बाजूला दिलं मला, पाटाच्या पाण्याचं गाव. माहेरी बाजरी आणि कुळीथ, इथे गहू आणि ऊस. लग्नाला चार वर्षं झाली तरी गल्लीत मी काष्टीवालीच होते. त्याचं मला काही वाटत नव्हतं. काष्टीची होतेच मी.

गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं घर, त्यांना सगळे मोठ्या काकू म्हणायचे. वयाने मोठ्या आणि अंगानेही मोठ्या. कुणाची पाळी कधी हे त्या ठरवायच्या. पापडाच्या पिठाला बोट लावून मीठ कमी की जास्त ते सांगायच्या. वाईट बाई नव्हती. पण त्यांना कुणी काही सांगितलेलं मात्र कधी ऐकलं नव्हतं.

त्यांच्याकडे वाळवणाचा एक नियम होता आणि तो सगळी गल्ली पाळायची. ओल्या वाळवणाला नाव ठेवायचं नाही. कुरडई, पापड, सांडगे, जे काही उन्हात पडलं असेल, ते वाळून डब्यात जाईपर्यंत त्याचं वाईट बोलायचं नाही. बोललं की ते बिघडतं. वाळल्यावर काय म्हणायचं ते म्हणा.

माझ्या माहेरी असला नियम नव्हता. माहेरी माझी आई ओल्या सांडग्याकडे बघून म्हणायची, "हे काय केलंस, कोंबडीनं केलेलं दिसतंय," आणि आम्ही ते खात होतो.

त्या वर्षी पहिली पाळी मोठ्या काकूंची. त्यांच्या लेकीचं नुकतंच लग्न झालेलं, पहिल्या वर्षीचं वाळवण तिच्या सासरी जायचं होतं. आम्ही बाराही जणी गेलो. काकूंची सून चीक घोटत होती. मी सोऱ्या भरायला वाकले आणि मला वास आला. आंबूस, ओल्या पोत्यासारखा.

मी म्हणाले, "चिकाला वास येतोय."

एवढंच म्हणाले. माझ्या मते उपयोगाचं बोलले होते. पण सगळ्यांचे हात थांबले. काकू म्हणाल्या, "कसला वास?"

तेव्हा तरी गप्प बसायचं. पण विचारलं तर सांगायचं ही माझी सवय. "आंबलाय. ह्या कुरडया लाल पडतील."

काकूंची सून खाली बघत जोरजोरात घोटायला लागली. कुरडया घातल्या गेल्या. चहा झाला. मला कपात चहा मिळाला, तो शेवटचा.

चौथ्या दिवशी कुरडया लाल पडल्या. तळून बघितल्या तर फुलेनात, आणि वास असा की म्हशीनेही तोंड फिरवलं. लेकीच्या सासरी काय पाठवायचं? गल्लीत दुपारपर्यंत पक्कं झालं. कुरडया चांगल्या होत्या, काष्टीवालीने ओल्याला नाव ठेवलं आणि बिघडल्या.

मला कुणी शिवी दिली नाही, भांडायला आलं नाही. भांडायला आलं असतं तर मी तयार होते. भांडणात मी बरी आहे.

त्यांनी काय केलं? नदीवर धुण्याच्या दगडांवर मी गेले की मधली जागा भरलेली असायची. मी कडेला जायची, कडेचा दगड हलता. मी आले की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी म्हणायचं, "ऊन लई हाय आज." मी गेले की मागे हसणं. हळदीकुंकवाला माझ्या कपाळाला कुंकू लावलं पण हातावर वाण नाही. पापडाची पाळी दोन घरी झाली, मला सांगावाच आला नाही. मला शेजारच्या धाब्यावरची लाटणी वाजलेली ऐकू आली तेव्हा कळलं. बाराच्या ऐवजी अकरा लाटणी. मी बसून मोजली.

माणूस अशा वेळी काय काय करतं ते मी तेव्हा स्वतःवरूनच बघितलं.

आधी मी खूप हसले. मला काहीच वाटत नाही हे दाखवायला मी विहिरीवर एकटीच मोठ्याने गाणं म्हणायची. माझा आवाज घोगरा आहे. दोन म्हशी बुजल्या.

मग मी गोड झाले. गुळाच्या पापड्या करून गल्लीतल्या पोरांना वाटल्या. पोरांनी खाल्ल्या. पोरांना जीभ गोरी का काळी याच्याशी घेणंदेणं नसतं. त्यांच्या आयांनी हात धुवायला लावले.

मग राग आला. सासूला म्हणाले, "आत्याबाई, मी गप बसणार न्हाई. एकेकीचं वाळवण बघून येते आणि सगळ्याला नाव ठेवून येते. होऊ दे लाल."

माझी सासू कमी बोलायची. तिला एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने हवं तेवढंच दिसायचं. ती म्हणाली, "जा की. आन मग पोरीचं लगीन त्या कोल्हारच्या पुलाखाली लाव."

मग मी कुठे जाईनाशी झाले. धुणं उन्हाच्या वेळी एकटीच नेऊ लागले. पाणी पहाटे आणू लागले. शेळीशी बोलू लागले. शेळी चांगलं ऐकते, पण तिला वाळवणातलं काही कळत नाही. जेवण कमी झालं. मला, जिला तीन भाकरी लागायच्या, तिला दीड पुरू लागली. हे मात्र माझ्या लक्षात आलं तेव्हा मी घाबरले. मला वाटलं होतं आपण दगडाच्या आहोत. अकरा बायका ऊन लई हाय म्हणाल्या आणि माझी दीड भाकरी कमी झाली.

आणि एक सांगते, खरं आहे म्हणून. त्या दिवसांत मला स्वतःच्याच नाकाचा संशय येऊ लागला होता. खरंच वास आला होता का? का माझ्याच तोंडात काही आहे? मी एकदा आरशासमोर जीभ काढून बघितली. लाल होती. थोडी पिवळी. पण ते पानामुळे.

*

तर चीक शिजलेला, नणंद रडतेय, पाठी चिंचा फोडतायत.

सासू वर सोऱ्या धरून बसली होती. वरून ओरडली, "आणा की गं वर! गार करून खायचाय का?"

मी भगुलं भरलं, शिडीने वर नेलं. सासूने सोऱ्या भरला आणि दाबला. सासूच्या मनगटात तीस वर्षांपूर्वी जोर होता. तीन कुरडया झाल्या आणि ती धापा टाकू लागली. मी घेतला. माझ्या सात-आठ झाल्या. पण मी दाबायला बसले तर पातेल्याला खाली घोटणार कोण? नणंद घोटत होती, पण तिचे डोळे गळत होते आणि तिचं लक्ष धाब्यावर. पातेलं केवढं आणि आम्ही केवढ्या.

तेवढ्यात आमचे हे आले. गाडी जुंपून मळ्यात चालले होते, भाकरी राहिली म्हणून परत फिरले. अंगणात बहीण रडतेय, शेळी दारात, वर बायको घामाघूम. त्यांनी शिडीवरून डोकं वर काढलं.

"भाकरी?"

मी म्हणाले, "टोपी काढा, हात धुवा आन वर या."

"कशाला?"

"कुरडया घालायला."

ते हसले. मी हसत नाही हे बघून थांबले. "अगं, पुरुष माणूस कुरडया घालतो व्हय? आन गल्ली बघती सगळी."

"गल्ली पाठ करून बसलीय. तिला काय दिसत न्हाई."

त्यांनी पाठींकडे बघितलं, मग खाली बहिणीकडे बघितलं. बहिणीवर त्यांचा जीव होता. टोपी काढली, कोपऱ्यात ठेवली. हात धुतले, कोपरापर्यंत, म्हशीची धार काढायला धुतात तसे. आणि लुगड्यासमोर मांडी घालून बसले.

आमचे हे नांगर धरणारे. हातात जोर एवढा, की सोऱ्यातला चीक पहिल्या दाबाला सगळाच्या सगळा बाहेर. कुरडई गोल फिरवत घालायची असते, बाहेरून आत, नाजूक, एकावर एक दोन फेरे. यांनी सोऱ्या एका जागी धरला आणि दाबला. लुगड्यावर ढीग झाला.

"फिरवा की!"

"फिरवतो की."

फिरवलं. ती नदीसारखी लांब गेली आणि लुगड्याबाहेर धाब्यावर उतरली.

सासू एका डोळ्याने बघून म्हणाली, "लेका, ही कुरडई हाय का सरी पाडतोयस?"

"आये, ओल्याला नाव ठेवू नगं," हे म्हणाले.

मला हसू आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा खरं हसू. नणंदही खाली शिडीपाशी येऊन नाक पुसत वर बघायला लागली.

चौथी कुरडई बैलाच्या शिंगासारखी झाली. पाचवीला मधे भोक आणि बाजूला शेपूट. सहावी त्यांनी अगदी मन लावून घातली, जीभ बाहेर काढून, आणि ती खरंच गोल झाली. फक्त ती परातीएवढी होती.

आता शेजारच्या धाब्यावर चिंचा फोडायचा आवाज थांबला होता.

मी तिकडे बघितलं नाही. पण पाठ करून बसलेल्या बाईला मागचं दिसतं हे मला ठाऊक आहे, मीही बाईच आहे. आधी एकीने पदर सारखा करायला मान वळवली. मग एकीच्या मानेवर माशी बसली. मग बघता बघता अकरा तोंडं आमच्याकडे.

आणि त्यांच्या तोंडांवर जे होतं ते बघण्यासारखं होतं. त्यांना हसायचं होतं. त्यांना ओरडायचं होतं. वीस-वीस वर्षं कुरडया घातलेल्या बायका, आणि समोर एक मिशीवाला बाप्या चांगल्या गव्हाच्या चिकाची अशी विटंबना करतोय. पण कुरडया ओल्या होत्या. ओल्या वाळवणाला नाव ठेवायचं नाही. नियम त्यांचाच. तोंडं मिटून, गाल फुगवून बसल्या होत्या, जणू प्रत्येकीच्या तोंडात गरम बटाटा.

एकीला राहवलं नाही. ती म्हणाली, "मी नाव ठेवत न्हाई हां. ओलं हाय अजून. मी फकस्त इचारते. ती कोपऱ्यातली... ती काय हाय?"

हे म्हणाले, "कुरडई."

"आन तिच्या शेजारची?"

"ती पण कुरडई. जरा दमलीय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी. मी खाली बघून सोऱ्या भरत होते आणि माझे खांदे हलत होते.

मोठ्या काकू मात्र हसत नव्हत्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे हात कमरेवर होते. त्या ह्यांच्या हाताकडे बघत होत्या. ह्यांनी सातवी कुरडई घातली. ती लुगड्यावर पडली, हलली आणि पसरली.

काकूंचा संयम तिथे संपला. मधला दोन फुटांचा कठडा ओलांडून त्या आमच्या धाब्यावर आल्या. एवढ्या मोठ्या अंगाची बाई कठड्यावरून आलेली मी तेव्हाच बघितली. धाब्याची माती खाली घरात पडली असणार.

"सोड! सोड तो सोऱ्या! कुरडया घालतोयस का शेण्या थापतोयस?"

ह्यांनी सोऱ्या सोडला. काकूंनी बसकण मारली, सोऱ्या घेतला आणि एक कुरडई घातली. दोन फेरे, बारीक, गोल, मोगऱ्याच्या वेणीसारखी. सगळं विसरून मीही बघत राहिले.

आणि मग माझ्या तोंडातून निघालं. निघणारच होतं.

"काकू, ओल्याला नाव ठेवलंत तुमी."

दहा जणी बघतायत. सासूने चांगला डोळा मिटून घेतला. मला वाटलं, संपलं. आता नणंदेचं लग्न खरंच पुलाखाली.

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग शेण्यांकडे बघितलं. म्हणजे कुरडयांकडे. त्या म्हणाल्या, "कुरडईला न्हाई ठेवलं. हाताला ठेवलं."

"मीबी चिकाला न्हाई ठेवलं. वासाला ठेवलं."

"लई बोलतीस."

"व्हय."

त्यांनी दुसरी कुरडई घातली. न बघता म्हणाल्या, "गार व्हायला लागलाय. कोण आणतंय खालनं? का मीच जाऊ?"

तेवढंच पुरलं. बाकीच्या दहा जणी कठड्यावरून आल्या, शिडीने आल्या, एक तर आमच्या दारातल्या शेळीला ढकलून आली. तीन सोरे त्यांच्या घरून आले. काकूंच्या सुनेने खाली पातेल्यापाशी घोटायला दांडकं घेतलं आणि नणंदेला उठवलं. ह्यांना सगळ्यांनी मिळून हाकललं. टोपी विसरून गेले. ती टोपी कुणीतरी कुरडयांच्या कडेला वजन म्हणून ठेवली.

चीक शेवटपर्यंत गरम राहिला. उरलेला खरवडून गुळाबरोबर पोरांनी खाल्ला. चहा झाला. मी सगळ्यांना चहा दिला आणि मला कुणी द्यावा म्हणून थांबले नाही, माझा मीच घेतला.

*

इथे गोष्ट संपली असं गल्लीला वाटलं असेल. मला नाही वाटलं.

कारण काकूंनी ओल्याला नाव ठेवलं होतं. हात म्हणा की काय म्हणा, शेण्या म्हटलं होतं, आणि दहा जणींनी ऐकलं होतं. आता कुरडया बिघडल्या तर काकूंची जीभ काळी. नाही बिघडल्या तर माझी काळी नाही. चार दिवस वाळवणावर गल्लीचं एवढं लक्ष कधी नव्हतं. जी ती धाब्यावर यायची, कावळे हाकलायला म्हणून, आणि वाकून रंग बघायची.

मीही बघत होते. तीन वेळा रात्रीतून उठायचं मन झालं, पण उठले नाही. गव्हाचं पाणी मी तिन्ही दिवस बदललं होतं. माझ्या हाताने. बिघडायला कारण नव्हतं.

चौथ्या दिवशी काकू आल्या. एकट्या. कोपऱ्यातली एक उचलली, ह्यांनी घातलेली, शेपटीची. उन्हाकडे धरली. पांढरी शुभ्र. खडखडीत. म्हणाल्या, "तळ."

तळली. कढईभर फुलली. शेपटीसकट.

काकूंनी ती सगळी खाल्ली. हात झटकले. घरी गेल्या, आणि त्यांच्या घराचं दार लागलं. मग थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "मदल्या दिशी गव्हाचं पानी बदललं हुतं का गं?"

सुनेचं उत्तर ऐकू आलं नाही. पण ऐकायची गरज नव्हती. त्या मधल्या दिवशी काकू लेकीकडे गेल्या होत्या, आणि सून घरात एकटी होती, तिच्या भावाची माणसं आली होती, आणि ती विसरली. विसरते बाई. मी पण विसरले असते.

तिने चार-पाच दिवसांनी मला नदीवर गाठलं. मधल्या दगडावर मला जागा करून दिली आणि धुणं आपटत म्हणाली, "मला ठावं हुतं. तू बोललीस तवाच ठावं हुतं. पण म्या बोलले असते तर त्यांनी मला माहेरी धाडलं असतं."

मी म्हणाले, "मग मला गल्लीबाहेर धाडलंस."

"व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं तू निभावशील. तू काष्टीची."

मी तिच्या अंगावर ओलं लुगडं झटकलं. ती भिजली. तिने माझ्यावर पाणी उडवलं. मला तिचा राग यायला हवा होता आणि थोडा आलाही, तो अजून थोडा आहे. पण मध्ये बसायला मिळालं होतं आणि दगड हलत नव्हता.

काकूंनी माझी माफी मागितली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा गहू भिजवला, आणि कुरडयांच्या दिवशी पहाटेच सांगावा धाडला. मी गेले तर अकराही जणी आधीच बसलेल्या, चीक चुलीवर, आणि काकू मला म्हणाल्या, "ये. आधी वास घे."

मी पातेल्यावर वाकले. सगळ्यांचे हात थांबलेले. मी मुद्दाम वेळ लावला, खरं सांगते. दोनदा हुंगलं.

"न्हाई येत."

"खरं बोल."

"आला असता तर गप बसले असते का?"

"व्हय, ते बी खरं," काकू म्हणाल्या आणि हसायला लागल्या. त्यांचं हसणं पोटातून यायचं, मांडी हलायची. मग सगळ्याच.

त्यानंतर प्रत्येकीच्या पाळीला चुलीवर पातेलं चढलं की पहिला सांगावा मला. वास घ्यायला. ओल्याला नाव ठेवायचं नाही हा नियम मोडला नाही कुणी, पण त्याला एक वाट काढली. काष्टीवालीने ठेवलं तर चालतं.

नणंदेचं लग्न झालं. गल्ली आली. हळदीला बायकांनी अशी गाणी म्हटली की ह्यांचं नाव प्रत्येक गाण्यात सोऱ्यासकट आलं. हे मांडवातून बाहेर पडले ते जेवायलाच आले. कोल्हारच्या विहीणबाईंनी रुखवतातली एकेक कुरडई हातात घेऊन बघितली. काकू शेजारी उभ्या होत्या. विहीणबाई म्हणाल्या, "फेरे बारीक हायेत." काकू म्हणाल्या, "आमच्या गल्लीचा हात हाय." ह्यांनी घातलेल्यांतल्या उरलेल्या सहा आम्ही रुखवतात ठेवल्या नव्हत्या. त्या घरच्या डब्यात होत्या.

पुढच्या वर्षी मोठा दुष्काळ पडला. पाटाला पाणी नाही, गहू नाही, वाळवणं कुणाची झाली नाहीत. आम्ही बाराही जणी खडी फोडायला एकाच टोळीत होतो. दुपारी भाकरी सोडताना काकू म्हणायच्या, "काष्टीवाले, तू म्हण की पाऊस येणार. तुझं म्हणलेलं होतं." मी म्हणायची, "वास येत न्हाई." एकदा मी त्या सहा कुरडया भिजवून त्यांची भाजी करून नेली, कांदा आणि तिखट घालून, बारा जणींत. बैलाच्या शिंगाचा भाग काकूंनी मागून घेतला.

त्या बाराजणींपैकी आता काकूंची सून आहे आणि मी आहे.